आधी बिऱ्हाड बांधलं, मग देवाला विचारलं (यिर्मया ४२)

बाभूळबन (धागाकर्ता):

येत्या गुरुवारी आमच्या घरी प्रार्थना आहे. पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलंय. वेळ वीस मिनिटं, अध्याय यिर्मया ४२. वाचायला घेतला तेव्हा सोपा वाटला. लोकांनी संदेष्ट्याला विचारलं, त्याने सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, वाटोळं झालं. मग सवयीने आधीचं पान उलटलं आणि ४१ च्या सतराव्या वचनात पाय अडकला तो अजून निघत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी पवित्र शास्त्र वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्रेस्सराने यरुशलेम जाळलं. मोठमोठ्या लोकांना धरून नेलं, गोरगरिबांना द्राक्षमळे कसायला मागे ठेवलं आणि त्यांच्यावर गदल्या नावाचा अधिकारी नेमला. तो मिस्पा गावी राहून कारभार बघायचा. सातव्या महिन्यात राजघराण्यातला इश्माएल दहा माणसं घेऊन आला, गदल्याच्या पंगतीला जेवला आणि जेवता जेवता त्याला कापून काढलं. तिथे असलेले खास्दी, म्हणजे बाबेलचे शिपाईही मारले. उरलेल्या लोकांना बंदी करून तो अम्मोन्यांच्या मुलखाकडे निघाला. योहानान नावाच्या सरदाराने गिबोनच्या मोठ्या तळ्यापाशी त्याला गाठलं आणि लोक सोडवले. इश्माएल आठ जणांसह निसटला.

आता हे सुटलेले लोक घाबरलेले. बाबेलने नेमलेला माणूस मारला गेलाय, बाबेलचे शिपाई मारले गेलेत, राग आपल्यावरच निघणार. मग ते यिर्मया या संदेष्ट्याकडे जातात आणि म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर, आम्ही कोणत्या वाटेने जावं ते देवाला विचार. बरं असो, वाईट असो, तो सांगेल ते ऐकू. वर शपथ घेतात, परमेश्वरालाच साक्षीला ठेवतात.

किती छान, नाही? पण सतरावं वचन त्याच्या आधीच सांगून टाकतं की ही मंडळी बेथलेहेमाजवळ गेरूथ-किम्हाम इथे येऊन उतरली होती, मिसरला, म्हणजे इजिप्तला, जाण्यासाठी. नकाशा काढून बघा. गिबोन यरुशलेमच्या उत्तरेला, बेथलेहेम दक्षिणेला. म्हणजे बायकापोरं, बोचकी घेऊन हे लोक जळक्या यरुशलेमच्या अंगावरून खाली उतरलेत. मिसरच्या रस्त्याला लागलेत. आणि मग, मुक्कामाच्या जागी, विचारतात: देवा, काय करू?

त्यांच्या प्रश्नात मिसरचं नावच नाही. पुन्हा वाचा, दुसऱ्या ते सहाव्या वचनापर्यंत कुठेही नाही. 'राहावं की जावं' असंही नाही. 'जाण्याची वाट' दाखव म्हणतात. मिसरचं नाव पहिल्यांदा यिर्मयाच काढतो, दहा दिवसांनी, उत्तरात. तुम्ही मनात म्हणताय की तिथे लढाई दिसणार नाही, रणशिंग ऐकू येणार नाही, भाकरीची ददात पडणार नाही. पोटातलं ओठावर आणून ठेवतो त्यांच्या.

अजून एक. सुरुवातीला ते म्हणतात, 'तुझा देव परमेश्वर' याच्याकडे प्रार्थना कर. यिर्मया उत्तर देताना शब्द फिरवतो: 'तुमचा देव परमेश्वर' याच्याकडे करतो. पुढच्या बोलण्यात ते आधी पुन्हा 'तुझा देव' म्हणतात आणि सहाव्या वचनात शेवटी 'आमचा देव' यावर येतात. कुणीतरी हळूच कोपराने ढोसावं तसं.

मला पडलेला प्रश्न असा. हे लोक नाटक करत होते का? की शपथ घेताना ती त्यांना खरीच वाटत होती?

---

तिरपागडा:

पत्रिका छापून आल्यावर 'स्थळ कसं वाटतंय हो?' हे विचारायला आमच्याकडे माणसं येतात. ती नाटकी नसतात. फक्त त्यांना 'छान' हा एकच शब्द ऐकू येतो.

---

सांजवारा:

छान धागा. पण या प्रकारातला खरा महामेरू इस्राएलचा राजा अहाब. पवित्र शास्त्रातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय २२. रामोथ-गिलाद अरामी लोकांकडून परत घ्यायचं त्याने ठरवलंय. चारशे संदेष्टे एका सुरात सांगतात, चढाई कर. यहूदाचा राजा यहोशाफाट पाहुणा आलाय, तो विचारतो, यांच्याशिवाय परमेश्वराचा कुणी संदेष्टा इथे नाही का? अहाब म्हणतो, आहे एक मीखाया, पण मला त्याचा तिटकारा आहे, तो माझ्याविषयी कधी चांगलं बोलतच नाही.

मीखायाला आणायला गेलेला निरोप्या वाटेत त्याला समजावतो की बाकी सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय, तूही तसंच बोल. (ही व्यक्ती प्रत्येक कचेरीत असते.) मीखाया येतो आणि खरंच तसंच बोलतो: जा, विजय तुझाच. आणि अहाब चिडतो! मला खरं ते सांग, अशी शपथ तुला किती वेळा घालायची?

म्हणजे चारशे जणांचं तेच वाक्य त्याने कौतुकाने ऐकलं, एकाच्या तोंडून तेच आलं तेव्हा त्याला खोटं आहे हे कळलं. खरं कुठे मिळतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो तिकडे जात नव्हता. खरं ऐकल्यावर मीखायाला तुरुंगात घातलं, भाकरपाण्यावर ठेवलं आणि स्वतः लढाईला निघाला. पण निघाला कसा, तर वेष पालटून! राजवस्त्रं यहोशाफाटाने घालायची. विश्वास नव्हता तर वेष कशाला पालटला? कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला, संध्याकाळी मेला.

तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: दोन्ही. माणूस एकाच वेळी नाटकही करतो आणि घाबरतोही.

---

पाटीपेन्सिल:

सांजवारा, यहोशाफाटाला फार चांगला ठरवू नका. चौथ्या वचनात तो अहाबाला म्हणतो, 'मी काय, तू काय, माझी माणसं ती तुझी माणसं.' आणि पाचव्यात म्हणतो, आधी परमेश्वराला विचारू या. शब्द देऊन झाल्यावर! मीखायाचं सगळं ऐकूनही हा पठ्ठ्या लढाईला जातोच, आणि वर दुसऱ्याच्या वाट्याचे बाण अंगावर घ्यायला राजवस्त्रं घालून.

आणि रहबाम कुणीच कसा काढला नाही अजून? शलमोनाचा मुलगा. लोक म्हणाले, तुझ्या बापाने जू भारी केलं, तू हलकं कर. त्याने तीन दिवस मागितले. आधी म्हाताऱ्यांना विचारलं, मग आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांना. उपदेशात नेहमी सांगतात की त्याने चुकीच्या लोकांचा सल्ला घेतला. पण १ राजे १२:८ नीट वाचा. म्हाताऱ्यांचा सल्ला त्याने आधी टाकला आणि *मग* पोरांकडे गेला. पोरांनी बिघडवलं हे खोटं आहे. बिघडायचं ठरवून तो पोरं शोधायला गेला. म्हाताऱ्यांना विचारतो, या लोकांना काय उत्तर द्यावं? पोरांना विचारतो, *आपण* काय उत्तर द्यायचं? त्या एका 'आपण'मध्ये सगळं आलं.

आणि ही 'पोरं' म्हणजे कॉलेजकुमार नव्हेत. गादीवर बसला तेव्हा रहबाम ४१ वर्षांचा होता, १४:२१ मध्ये आकडाच दिलाय. त्याच्याबरोबर वाढलेली म्हणजे तीही चाळिशीतलीच की.

अवांतर: 'माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड' हे प्रसिद्ध वाक्य पोरांनी सुचवलं होतं. रहबामाने लोकांसमोर 'बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन' तेवढं ठेवलं, करंगळी गाळली. तेवढी लाज होती म्हणायची.

---

बाभूळबन:

करंगळीचं लक्षातच आलं नव्हतं! धन्यवाद.

पण मला योहानानाची गोष्ट या दोघांपेक्षा जास्त बोचते. अहाब आणि रहबाम राजे, माजलेले. ही साधी माणसं. लहानापासून थोरापर्यंत सगळे मिळून गेलेत असं लिहिलंय. परवापर्यंत बंदी होते, मुलं कडेवर असतील. आणि यिर्मया लगेच उत्तर देत नाही. दहा दिवस! चारशे जणांनी अहाबाला जागच्या जागी सांगून टाकलं, याला दहा दिवस लागले. गेरूथ-किम्हाम म्हणजे वाटेवरची उतरायची जागा असावी, असा अर्थ लावतात. तिथे दहा दिवस मुलाबाळांसह बसायचं, एक डोळा उत्तरेकडच्या धुळीवर. रोज सकाळी कुणीतरी यिर्मयाच्या तोंडाकडे बघून परत येत असेल. बांधलेलं सामान सोडलं असेल का त्यांनी? मला वाटतं, रांधण्यापुरतं सोडलं असेल.

---

अधूनमधून:

मी जरा उलट बाजूने बोलतो. योहानानाला तुम्ही फारच सहज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत.

हा माणूस अध्याय ४० मध्ये काय करतो? गदल्याला येऊन सांगतो की इश्माएल तुझा जीव घ्यायला आलाय. एकांतात पुन्हा सांगतो. गदल्या ऐकत नाही, मरतो. मग इश्माएलाचा पाठलाग कोण करतं? योहानान. लोकांना कोण सोडवतं? योहानान. इतका वेळ प्रत्येक बाबतीत ज्याचा अंदाज बरोबर ठरलाय, तो म्हणतोय की बाबेल सूड घेईल. यात वेडेपणा कुठे आहे?

आणि भीती पोकळ नव्हती. यिर्मया ५२:३० बघा. नबुखद्रेस्सराच्या तेविसाव्या वर्षी आणखी ७४५ यहूदी पकडून नेले. म्हणजे यरुशलेम पडल्यावर चारेक वर्षांनी. गदल्याच्या खुनाचाच हा बदला असावा, असं काही अभ्यासक मानतात. देव म्हणतो राहा, मी तुम्हाला बांधीन, लावीन. राहिले त्यातले ७४५ गेले. आता बोला.

शिवाय ही गोष्ट आपल्यापर्यंत कुणाच्या लेखणीतून आली? यिर्मयाचा लेखनिक बारूख. योहानानाची बाजू योहानानाच्या तोंडून आपण कधी ऐकलेलीच नाही.

---

बाभूळबन:

अधूनमधून, ७४५ चा मुद्दा मान्य, गुरुवारी तो टाळणार नाही. पण माझी तक्रार त्यांच्या निर्णयाबद्दल नाहीच. योहानानाने सरळ म्हणायला हवं होतं, 'यिर्मया, आम्ही मिसरला चाललोय, आम्हाला आशीर्वाद दे.' ते प्रामाणिक झालं असतं. 'जे सांगशील ते करू' असं म्हणून दहा दिवस त्या म्हाताऱ्याला प्रार्थनेला बसवलं, हे मला खुपतं.

---

कोकणकडा:

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून आमचं देऊळ आठवलं. आमच्या गावात देवाला कौल लावतात. पाषाणावर पाण्यात भिजवून कळे चिकटवायचे, गुरव गाऱ्हाणं घालतो, मागून सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, मग सगळे टक लावून बसतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

माझ्या लहानपणी मुंबईहून एक गृहस्थ आले होते. भावाबरोबरचा वाद कोर्टात न्यावा का, असा प्रश्न. डावा पडला. ते म्हणाले, गाऱ्हाणं नीट घातलं नाही, परत लावा. पुन्हा डावा. मग प्रश्नच जरा बदलला. तिसऱ्या खेपेला उजवा पडला, ते खूश होऊन दक्षिणा ठेवून गेले. आजोबांनी गुरवाला विचारलं, ह्या कसा काय झाला? तो कळे गोळा करता करता म्हणाला, "देव कंटाळलो, म्हणान दिल्यान."

---

पाटीपेन्सिल:

कोकणकडा, तुमच्या गुरवाला दंडवत! गणनाचा २२ वा अध्याय नेमका हाच आहे. बालाक राजा बलामाला बोलावतो, इस्राएलाला शाप दे म्हणून. बलाम देवाला विचारतो, देव सांगतो, जाऊ नकोस. मग बालाक आणखी मोठे सरदार पाठवतो, भरपूर मानपान करीन म्हणतो. बलाम त्यांना म्हणतो, रात्री थांबा, देव आणखी काय सांगतो ते पाहू. आणखी काय सांगायचं राहिलं होतं? पण दुसऱ्या खेपेला देव म्हणतो, जा त्यांच्याबरोबर. बलाम सकाळी गाढवीवर खोगीर घालून निघतो आणि देवाचा कोप भडकतो. 'जा' म्हणून वर रागावला कसा, यावर टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिलीत. गुरवाने चार शब्दांत उरकलं.

---

शून्यशेष:

सेमिनरीत थोडं हिब्रू शिकलो होतो, त्याचा इथे उपयोग होतोय म्हणून लिहितो.

यिर्मयाने उत्तर दिल्यावर ४३:२ मध्ये योहानान आणि बाकीचे गर्विष्ठ लोक म्हणतात, 'तू खोटं बोलतोस, बारूख तुला आमच्याविरुद्ध फितवतोय.' इथे 'खोटं' याला 'शेकेर' असा शब्द आहे.

आता ४०:१६ ला या. योहानान गदल्याला इश्माएलाबद्दल सावध करतो, तेव्हा गदल्या त्याला काय म्हणतो? 'इश्माएलाविषयी तू खोटं बोलतोस.' तोच 'शेकेर'. वाक्याची ठेवणही जवळजवळ तीच.

म्हणजे योहानानाला हे वाक्य तोंडावर ऐकून फार दिवस झालेले नाहीत. तो खरं सांगत होता, समोरच्याने 'शेकेर' म्हणून झटकून टाकलं आणि त्या माणसाचा मुडदा पडला. हे सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस तेच वाक्य उचलून यिर्मयाला मारतो. अधूनमधून यांची बाजू मला पटते, योहानान नालायक नव्हता. म्हणूनच हे वाचवत नाही.

---

सांजवारा:

शून्यशेष, अंगावर काटा आला.

---

तिरपागडा:

बारूखाचा बळी बघा कसा घेतला. देवाला खोटं म्हणता येत नाही, यिर्मयाला पूर्ण म्हणवत नाही, मग कारकुनाने कान भरले! साहेब चांगले हो, पीए वाईट.

---

अधूनमधून:

'शेकेर'ला माझ्याकडे उत्तर नाही. मानलं.

पण मिसरचं पुढे काय झालं तेही गुरुवारी सांगा. यिर्मया तलवार, दुष्काळ, मरी यांनी सगळे संपतील म्हणतो. प्रत्यक्षात नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात यहूदी शिपायांची भरभक्कम वस्ती होती. त्यांचे अरामी भाषेतले कागद सापडलेत, लग्नाचे करार, घरांचे व्यवहार, तक्रारअर्ज. त्यांचं स्वतःचं देऊळसुद्धा होतं. मिसरला गेलेले यहूदी नामशेष झाले, असं काही दिसत नाही.

---

शून्यशेष:

एलेफंटाइनचे लोक योहानानाच्या टोळीचेच वंशज, असं म्हणायला आधार नाही. ती वस्ती दक्षिणेला अस्वानजवळ, ही टोळी थांबली तहपन्हेसला, उत्तरेच्या सीमेवर. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

तहपन्हेस म्हणजे आजचं तेल देफेने, असं मानतात. १८८६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज उत्खननकाराने तिथे खोदलं. तिथल्या पडक्या किल्ल्याला स्थानिक लोक 'यहुद्याच्या मुलीचा वाडा' म्हणत. किल्ल्यासमोर त्याला विटांचा मोठा ओटा सापडला. यिर्मया ४३ मध्ये देव सांगतो की फारोच्या वाड्याच्या दाराशी विटांच्या फरशीत मोठे धोंडे पुरून ठेव, नबुखद्रेस्सर आपलं सिंहासन त्यांच्यावर मांडील. पेट्रीला वाटलं, तोच हा ओटा. धोंडे मात्र त्याला खात्रीने दाखवता आले नाहीत.

आणि धोंडे पुरले कुणी? यिर्मयाने. म्हणजे जाताना त्याला आणि बारूखालाही ते बरोबर घेऊन गेले. सल्ला नको, सल्लागार हवा.

---

कोकणकडा:

हे शेवटचं मला कळलं नाही. खोटारडा ठरवला, तर मग नेला कशाला?

---

सांजवारा:

उद्या काही चुकलं तर विचारायला जवळ असावा म्हणून.

---

पाटीपेन्सिल:

बाभूळबन, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही 'सामान सोडलं असेल का' असं जे लिहिलंत ना, ते अभ्यासातून आलेलं वाटत नाही.

---

बाभूळबन:

राग कसला.

चार वर्षांपूर्वी आमची दीड एकर विकली. घरात मी मोठा, वडील गेलेले. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गावातच राहतात. विकायच्या आधी त्यांना विचारलं पाहिजे असं आई म्हणाली, मलाही पटलं. रविवारची उपासना आटोपून गेलो. आप्पा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, बियाण्याच्या. एक शेंग, एक बघणं, किडका दाणा डावीकडे, चांगला सुपात.

मी अर्धा तास बोललो. विहिरीला पाणी नाही, माणसं मिळत नाहीत, धाकट्याचं शिक्षण, बँकेचं व्याज. आणि शेवटी म्हणालो, 'आप्पा, तुम्ही वडिलांच्या ठिकाणी. तुम्ही म्हणाल तसं करू.' अगदी मनापासून म्हणालो. आज कुणी शपथ घालून विचारलं तरी सांगेन, ते बोलताना मला ते खरंच वाटत होतं.

आप्पांनी वर न बघता विचारलं, "विसार किती घेतलास?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पुढची शेंग फोडली.